चहावाल्याचं खातं आणि लपवलेली एक्सेल

या महिन्यातली तीन पत्रं एकाच विहिरीचं पाणी निघाली, म्हणून एकत्र घेते. प्रिंटर रुसलेल्यांनी आणि पासवर्ड हरवलेल्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : काकू, मी इंदूरच्या विजयनगरमधल्या एका कंपनीत डेव्हलपर आहे, वय २९. आम्ही ३५ जण आहोत. दुकानदारांसाठी उधारी, बिलं आणि माल सांभाळणारं अॅप बनवतो. जूनमध्ये साहेबांनी फर्मान काढलं, की ऑफिसचा सगळा किरकोळ खर्च यापुढे आपल्याच अॅपवर. कोड लिहून वर पेटी कॅशही माझ्याकडेच. त्यामुळे चहावाला, शनिवारचे पोहे, कुरिअर, साहेबांची टॅक्सी, सगळं मीच भरते. रोज दोन तास जातात. मध्यंतरी चहा आठचा दहा झाला. मी नवा भाव टाकला, तर मागच्या पंधरवड्याच्या नोंदीही दहाच्या झाल्या आणि चहावाल्याशी माझं वाजलं. तेव्हापासून मी गुपचूप एक एक्सेल ठेवते. खरा हिशोब तिच्यात, आणि एक-सोळा तारखेला आकडे जुळवून अॅपमध्ये भरते. साहेबांना वाटतं छान चाललंय. परवा ते एका ग्राहकाला अभिमानाने सांगत होते, "आम्ही स्वतः हेच वापरतो." मला फार अपराधी वाटतं. मी चुकतेय का? आणि डेव्हलपरने स्वतःचं अॅप वापरलंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय? (नाव छापू नये.)

उत्तर : नाव छापलेलं नाही. पण साहेब हे मासिक चाळत असले तर चहाच्या भावावरून ओळखतील, तेव्हा तयारीत राहा.

शेवटचा प्रश्न आधी घेते. कुठेही लिहिलेलं नाही. सराफ्यात थंडीच्या रात्री गराडूचा कंद तळणारा घरी जाऊन खिचडीच खात असणार, आणि त्यावरून त्याला कुणी खोटा म्हणत नाही. पहिल्या घाण्यातली एक फोड मात्र तो तोंडात टाकतोच. स्वतःचं अॅप वापरणं हा पापपुण्याचा विषय नाही. त्यातून काही कळतंय का, एवढंच बघायचं.

आणि तुला कळलंय की! चहाच्या भावाचंच घे. तुमच्यापैकी कुणीतरी भाव वस्तूच्या नावापाशी ठेवला आणि प्रत्येक नोंद तिथूनच भाव वाचते. नोंद केली त्या दिवशीचा भाव त्या ओळीत उतरवून घ्यायचा राहिला. जुन्या मुनिमाच्या वहीत ही चूक होऊच शकत नाही, कारण तिथे प्रत्येक ओळीचा भाव त्या ओळीतच लिहिलेला असतो. तुमच्या टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही, तर टेस्ट करणारा माल टाकतो, बिल काढतो, बेरीज बघतो आणि पुढे जातो. अर्ध्या तासाचं काम. भाव बदलायला पंधरवडा लागतो. ऑफिसात तुझं दहा-वीस चहांवरून भांडण झालं. सियागंजच्या घाऊक बाजारात साखरेच्या पोत्यांच्या भावाला हेच झालं, तर तो दुकानदार भांडायलासुद्धा येणार नाही. अॅप काढून टाकेल आणि शेजारच्यालाही सांगेल.

म्हणजे साहेबांच्या फर्मानाने पहिल्याच महिन्यात एक मोठी चूक पकडून दिली. ती तू एक्सेलमध्ये पुरलीस. बाई गं, अपराधी वाटायचं असेल तर एवढ्याचंच वाटू दे.

आता त्या एक्सेलबद्दल. तिच्यात काय असेल ते न बघता सांगते. 'जुना भाव' असा एक रकाना असेल. 'पाहुण्यांचे चहा वेगळे' असा एक. चहावाल्याने कधी उचल घेतली असेल, तर आपलंच देणं आणि आपलंच येणं एका माणसाच्या नावावर कसं मांडायचं, म्हणून एखादा रंगवलेला चौकोन असेल. आणि शेवटी एक बिननावाचा रकाना, ज्यात तू 'नंतर देतो म्हणाले', 'सुट्टे नव्हते' असलं काहीबाही लिहितेस. यातला एकेक रकाना म्हणजे तुमच्या अॅपला न येणारी एकेक गोष्ट. तुमच्या ऑफिसातला सगळ्यात मोलाचा कागद तू लपवून ठेवलायस.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण लपवलेली वही मी एकदा उशिरा उघडली आहे. १९९४ सालची गोष्ट. फॉक्सप्रो या तेव्हाच्या संगणकभाषेत मी एका किराणा व्यापाऱ्यासाठी उधारीचा प्रोग्रॅम लिहिला. निळा पडदा, पांढरी अक्षरं, तारीख उलटली की तगाद्याची चिठ्ठी आपोआप छापून बाहेर. त्या आपोआपचा मला कोण अभिमान! पुढे दोन वर्षांनी कळलं, की त्यांचे मुनीमजी सगळा काळ लाल वही लिहीतच होते. माझ्यावर विश्वास नाही, असं वाटून मला चांगलाच राग आला. पेढीवर गेले आणि म्हटलं, दाखवा वही. मुनीमजींनी मुकाट्याने पुढे सरकवली. काही नावांपुढे शाईचा बारीक ठिपका होता. "हे काय?" तर म्हणाले, "ज्यांच्या घरी लग्न आहे, आजारपण आहे, त्यांच्याकडे मागायचं नाही. आपसूक देतात." माझा प्रोग्रॅम त्यांनाही चिठ्ठ्या काढत होता. मुनीमजी ठिपकेवाल्यांच्या चिठ्ठ्या वेचून फाडत. एकदा ते गावी गेले असताना एक चिठ्ठी सुटली, ती वडिलांच्या तेराव्याला पोचली, आणि पेढीचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटलं. मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

नंतर मी प्रोग्रॅममध्ये 'चिठ्ठी थांबवा' असा एक रकाना घातला. एक अक्षराचा, वाय किंवा एन. पंधरा मिनिटांचं काम होतं.

आता खरं सांगते. तो प्रोग्रॅम मी माझ्या घरखर्चाला दहा वर्षं वापरला असता, तरी ठिपका मला सापडला नसता. माझ्याकडे उधारीवाला कुणी नव्हताच. तुमच्या साहेबांना जे उमजलेलं दिसत नाही, ते हेच. लिनक्सवाले लिनस टोरवाल्ड्स ३ एप्रिल २००५ ला गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, लिहायला बसले आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच सांभाळला जाऊ लागला. मायक्रोसॉफ्टमध्ये डेव्ह कटलर यांनी विंडोज एनटी ही संगणकप्रणाली बनवणाऱ्यांना अर्धीकच्ची एनटीच रोजच्या कामाला दिली होती. एकाच्या चुकीने दहा जणांची मशिनं बसायची, मग ती चूक दुपारपर्यंत टिकेल कशी? जुलै १९९३ ला ती बाजारात आली, तोवर तिने आपल्याच माणसांच्या भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या. पण या दोन्ही ठिकाणी बनवणारा आणि गिऱ्हाईक एकाच जातीचे, दोघेही प्रोग्रॅमर. तुमचं गिऱ्हाईक गल्ल्यावर बसतं. एका हाताला हळद-तिखट लागलेलं, समोर तीन जण उभे, फोन चार वर्षांपूर्वीचा आणि काच तडकलेली. तुझ्याकडे एसी, वायफाय आणि बहुतेक अॅडमिनचं लॉगिन. ते लॉगिन आजच सोड, साधं दुकानदाराचं खातं उघड. अॅडमिनला सगळी दारं उघडी असतात, त्यामुळे कुठलं अडतं ते त्याला कळतच नाही.

दुसरं, सवयीने डोळा मरतो. तीन आठवड्यांत तू 'सेव्ह'चं बटण दोनदा दाबायला शिकली असशील आणि दोनदा दाबतेस हे विसरलीही असशील. म्हणून ऑफिसात नवं माणूस रुजू झालं की पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात पेटी कॅश दे, आणि तो काय काय पुटपुटतो ते लिहून घे. महिन्याने तोही तुमच्यातलाच होईल.

लिहून घेणं म्हटलं, की मला संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ आठवतातच. (आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं हे दैवत.) पुस्तक नीट छापून येईना म्हणून त्यांनी टेक्स ही अक्षरजुळणीची प्रणाली स्वतः बांधली. आधी बेत असा होता, की आपण आराखडा द्यायचा आणि विद्यार्थ्यांनी तो बांधायचा. मग लक्षात आलं, की आराखडा करणाऱ्यानेच बांधायला बसावं लागतं, मोठं काम त्यावर आधी स्वतः करून बघावं लागतं, आणि वापरायची पहिली पुस्तिकाही स्वतःच लिहावी लागते. त्यांनी आपले ग्रंथ त्यावर जुळवले आणि दहा वर्षं प्रत्येक चुकीची, प्रत्येक बदलाची नोंद ठेवली. ८५० हून अधिक नोंदी झाल्या. १९८९ साली ती सगळी यादी त्यांनी छापून टाकली, स्वतःच्या नावानिशी. तुझी एक्सेल तीच यादी आहे गं, फक्त नूथनी ती लपवली नाही.

तेव्हा सोमवारी असं कर. एक्सेल उघडून साहेबांसमोर ठेव. माफी मागू नकोस, रकाने मोजून दाखव. सांग, की ग्राहकाला 'आम्ही स्वतः वापरतो' म्हणायचं असेल, तर यातले निदान पहिले तीन आधी दुरुस्त करू. आणि दोन तासांचा हिशोबही माग. आठवड्यातला अर्धा दिवस कुणीतरी फक्त या यादीवर बसणार असेल, तर ते दोन तास सार्थकी लागतील. नाहीतर तू फुकटची कारकून.

एक गोष्ट तुझ्या पत्रात ओझरती आलीय, मला तीच खटकली. साहेबांची टॅक्सी तू भरतेस! १९८० साली अॅपलचे तेव्हाचे अध्यक्ष माइक स्कॉट यांनी कंपनीत फर्मान काढलं होतं, की आता नवा टाइपरायटर घ्यायचा नाही, भाड्यानेही आणायचा नाही. टाइपरायटरचे दिवस संपले असं आपण जगाला सांगतो, तर आधी आपल्या टेबलावरून तो उठला पाहिजे. फर्मान काढायचं तर असं, सगळ्यांच्या टेबलाला लागू. तुमच्या साहेबांना टॅक्सीचं एक बिल स्वतः भरू दे, भर दुपारी, रिगल चौकात उभं राहून. पुढच्या आठवड्यात 'सेव्ह' एकदाच दाबावं लागेल बघ.

आणि सियागंजात दोन संध्याकाळी जाऊन बस. काही शिकवू नकोस, सुचवू नकोस. गल्ल्याखाली वही आहे का, तेवढं बघ. असली तर, 'बघू का?' म्हणून विचार.

प्रश्न : माझा भाचा संगणकवाला आहे. परवा जेवताना म्हणाला, "मामा, आमचं सध्या डॉगफूडिंग चाललंय." जेवणाच्या ताटावर हा शब्द! हे काय प्रकरण आहे, आणि याला बरा मराठी शब्द नाही का? (एक निवृत्त बँक कर्मचारी, टिळकनगर)

उत्तर : भाच्याला माफ करा. तो वर जे चाललंय त्याबद्दलच बोलत होता, आपण बनवलेलं आपणच वापरून बघणं. हा शब्द सॉफ्टवेअरवाल्यांत रुळला तो मायक्रोसॉफ्टमधून. १९८८ साली तिथल्या पॉल मॅरिट्झ यांनी ब्रायन व्हॅलेंटाइन यांना एक ई-मेल पाठवली. आपलं लॅन मॅनेजर हे संगणक एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर आपल्याच कंपनीत जास्त वापरलं गेलं पाहिजे, असा तिचा मतलब, आणि विषयाच्या ओळीत 'आपलंच कुत्र्याचं खाणं खाणं'. व्हॅलेंटाइननी त्या कामासाठी उभारलेल्या सर्व्हरचं नावच 'डॉगफूड' ठेवलं. पुढे काहींना तुमच्यासारखीच किळस आली असावी, कारण हल्ली 'आपलीच शॅम्पेन पिणं' असंही म्हणतात. आपल्याकडे जेवताना तेही चालायचं नाही.

मराठीत 'स्ववापर' करता येईल, पण तो तहसील कचेरीतल्या अर्जावरचा वाटतो. मी 'घरवापर' म्हणते. कार्यातल्या पंगतींची सवय असलेल्यांना आणखी सोपं करून सांगते : वाढप्यांची पंगत. आपल्याकडे ती सगळ्यांत शेवटी बसते, तोवर मठ्ठा पातळ झालेला आणि जिलेबी संपलेली असते. इथे वाढपी आधी बसतात. भाजीत मीठ नसलं तर पाहुण्यांच्या आधी त्यांना कळावं, म्हणून.

प्रश्न : ताई, मी रामबागेत घरगुती केटरिंग करते. मुंज, डोहाळजेवण, छोटी लग्नं. हिशोबाचं एक अॅप मुद्दाम मराठीत लावून घेतलं, कारण माझ्याकडच्या बायकांना इंग्रजी नको. त्यात खर्चाचे प्रकार आधीच भरलेले आहेत. परवा एका यजमानांना बिल गेलं, त्यात छापलं होतं : 'आचार्यांचे मानधन ८,०००'. त्यांचा फोन आला, "आम्ही प्रवचन कुठे ठेवलं होतं?" हे असं का होतं, आणि मी काय करू?

उत्तर : हसू आवरल्यावर लिहायला घेतलंय.

आचारी आणि आचार्य यांत मराठीत एका र चा फरक आहे. आचार्यांना म्हणताना र वर चढतो, रफार होतो. आचाऱ्यांना म्हणताना तो शेजारी आडवा पडून राहतो. दर्या आणि दऱ्या यांतही तेच. हिंदीला हा आडवा र लागत नाही. त्यामुळे हिंदी बघून मराठी उरकणाऱ्याच्या तो खिजगणतीत नसतो. म्हणूनच 'शेतकर्यांना' असं छापलेलं जिकडेतिकडे दिसतं.

संगणकाच्या पोटात आणखी एक गंमत आहे. हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यामागे एक न दिसणारी जोडखूण ठेवायची. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. बनवणाऱ्याने दोन्हींची सोय केली नाही, तर एका तऱ्हेने लिहिलेला 'आचाऱ्यांना' दुसऱ्या तऱ्हेने शोधून सापडत नाही. क्रमाचंही असंच. ळ ची जागा आपल्या वर्णमालेत ह च्या पुढे आहे, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या, आकड्यांत तो ल आणि व यांच्या मध्ये बसलाय. नुसत्या आकड्यांवर यादी लावली, की तुमच्या यजमानांत काळे काशीकरांच्या आधी येतात.

यातलं काहीही अवघड नाही. हे राहून जातं, कारण अॅप मराठीत काढणाऱ्यांचे स्वतःचे फोन इंग्रजीत असतात. मराठी आहे का बघायला ते 'नमस्कार' टाकतात. नमस्कारात आडवा र नाही, ळ नाही. 'नमस्कार' दिसला की काम झालं. त्यांच्यातल्या एकाने महिनाभर घरचा किराणा त्याच अॅपवर मराठीत लिहिला असता, तर 'भाकऱ्या' लिहिताना अडला असता आणि तुमचे आचारी वाचले असते. (पहिल्या पत्रातल्या मुली, तुमचंही अॅप मराठीत असेलच. तुझा फोन कुठल्या भाषेत आहे?)

तुम्ही एवढं करा. त्या बिलाचा फोटो काढून अॅपवाल्यांना पाठवा. 'मराठी चुकलंय' एवढंच लिहू नका, ते कुणालाच कळत नाही. 'आचार्यांचे ऐवजी आचाऱ्यांचे हवे' असं दोन्ही शब्द शेजारी ठेवून लिहा, आणि यजमान काय म्हणाले तेही कळवा. ते वाक्य त्यांच्या ऑफिसात भिंतीवर लागेल. घरी संगणक असेल आणि त्यावर इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक असेल, तर शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. ऱ्य तयार. त्या अॅपमध्ये खर्चाचा नवा प्रकार घालता येत असेल, तर तो असा लिहून घ्या आणि जुना वापरू नका.

तोवर बिलावर पेनाने र आडवा करत चला. आणि ८,००० मध्ये खरंच कुणी आचार्य मिळत असतील तर कळवा, आमच्या गल्लीतल्या गणपतीला दरवर्षी प्रवचनकार शोधताना नाकी नऊ येतात.